पॉज कापायला प्लगिन घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

पाऊण तासाच्या लेक्चरमधले पॉज हाताने काढणं म्हणजे तांदूळ निवडणं. डोकं लागत नाही, पण नजर हटवता येत नाही. हे काम करून देणारी प्लगिन, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी टूल्स, आता ढिगाने मिळतात आणि त्यांच्या जाहिरातीत बहुतेक वेळा इंग्रजी बोलणारा माणूस असतो. तुमचं फुटेज मराठी असेल, तर किमतीच्या आधी एक गोष्ट बघा: हे टूल आवाज मोजतं की शब्द ओळखतं? आवाज मोजणाऱ्याला भाषा कळावी लागत नाही, त्याला मराठी काय नि तमिळ काय. शब्द ओळखणाऱ्याचं मात्र मराठीशी आल्यावर घोडं अडतं.

पॉज कापण्यासाठी आवाज मोजणारे दोन पर्याय मी आलटून पालटून वापरतो, ऑटो-एडिटर आणि ऑटोकट. ऑटो-एडिटर फुकट आणि ओपन सोर्स आहे. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत; काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. ती टाइप करताना एक चूक सगळे करतात: काहीच सांगितलं नाही, तर ते थेट कापलेला नवा व्हिडिओ हातात देतं आणि मग चुकलेला कट मागे घेता येत नाही. त्याऐवजी प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी टाइमलाइन, म्हणजे कटांची मांडणी, एक्स्पोर्ट करायला सांगायचं. मग प्रत्येक कट जागेवर उघडा मिळतो, ओढून लांबवता येतो. ऑटोकट हे प्रीमियरच्या आणि रिझॉल्व्हच्या आतच उघडतं. डेसिबलची पातळी सरकवली की काय उडणार ते आधी दिसतं, नाही पटलं तर अनडू. त्याला वर्गणी लागते. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल, तर ती वर्गणी वाया जाणार नाही. भीती नसेल, तर पहिले काही महिने ऑटो-एडिटरवरच काढा.

दोन्हीकडे मूळ सेटिंग जसंच्या तसं ठेवलं, तर मराठीत एक गंमत होते, आणि ती गमतीची नसते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि तिथे आवाज खाली उतरतो. ‘आहे’, ‘नाही’, ‘नको’ हे शब्द बोलणारा अर्धे गिळतो. ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही’ या वाक्यातलं ‘नाही’ थ्रेशोल्डच्या, म्हणजे ज्याखालचा आवाज टूल शांतता समजतं त्या पातळीच्या, खाली गेलं, तर डॉक्टरांच्या तोंडी भलताच सल्ला येतो. म्हणून बोलणं सुरू होण्याआधी किती जागा सोडायची आणि संपल्यानंतर किती, हे आकडे वेगवेगळे ठेवा. ऑटो-एडिटर मुळात दोन्हीकडे 0.2 सेकंद सोडतं. मी आधीची जागा तेवढीच ठेवतो, नंतरची 0.4 किंवा 0.5 करतो. पंखा चालू असलेल्या खोलीत रेकॉर्डिंग झालं असेल, तर थ्रेशोल्डही वर न्यावा लागतो, नाहीतर पंख्याची घरघर हेच बोलणं समजून टूल काहीच कापत नाही. आणि जितका थ्रेशोल्ड वर, तितका शेवटच्या ‘नाही’ला धोका जास्त. इथे पंखा बंद करणं हे कुठल्याही प्लगिनपेक्षा स्वस्त पडतं.

फुटेज मोबाइलचं असेल तर आणखी एक. मोबाइल बऱ्याचदा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कमी-जास्त करत शूट करतो. अशी फाइल शेकडो ठिकाणी कापली की ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेऊ शकतात. आधी हँडब्रेकसारख्या फुकट टूलमधून फ्रेम रेट स्थिर करून घ्या, मगच कापायला द्या.

प्रीमियरमध्ये 2023 पासून मजकुरावरून एडिटिंग करण्याची सोय आतच आहे: बोलण्याचा मजकूर तयार होतो, त्यात पॉज ठिपक्यांनी दिसतात, एकगठ्ठा पुसता येतात. इंग्रजी कामाला हे इतकं बरं आहे की वेगळं प्लगिन घेऊच नये. पण हे शब्द ओळखणाऱ्या जातीतलं. मी शेवटचं पाहिलं, तेव्हा भाषांच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. हिंदी लावून मराठी ऐकवलं की मजकूर वाचून करमणूक होते, काम होत नाही. ‘म्हणजे’, ‘काय होतं की’, ‘बरं का’ हे आपले टेकू ते काढून देईल, ही आशाही सोडा.

पॉडकास्टचे कॅमेरे बदलण्याचं काम याहून सोपं ठरतं, कारण तिथे पुन्हा आवाजच मोजायचा असतो. प्रीमियरमधलं ऑटोपॉड प्रत्येकाचा माइक ऐकतं आणि जो बोलतो त्याच्या कॅमेऱ्यावर कट मारतं. 10 कॅमेरे, 10 माइकपर्यंत झेपतात. अट एकच, प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर हवा. लहान खोलीत एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरला की कॅमेरे भिरभिरतात. मराठी गप्पांत समोरचा ‘हं, हो, बरोबर’ करत असतो, त्या प्रत्येक हुंकारावर कट नको असेल, तर शॉटची किमान लांबी वाढवा. किंमत महिना 29 डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या आसपास. वर्षाचे 348 डॉलर होतात. रिझॉल्व्हची स्टुडिओ आवृत्ती एकदाच 295 डॉलरला मिळते आणि 2025 च्या आवृत्ती 20 पासून बोलणारा ओळखून कॅमेरा बदलण्याची सोय तिच्यात आहे. रिझॉल्व्हवर आधीच असाल, तर ऑटोपॉडचा विचार करायचं कारण नाही. प्रीमियरवर असाल आणि महिन्याला चार एपिसोड येत असतील, तर ऑटोपॉड पैसे वसूल करतं. महिन्याला एक असेल, तर प्रीमियरचं मल्टिकॅम लावा, कॅमेरा बदलायला 1-2-3 ही बटणं दाबत एपिसोड एकदा बघा. बघावा तर लागतोच ना!

कॅप्शनमध्ये मात्र शब्दांशिवाय सुटका नाही. ओपनएआयने 2022 मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल मराठीही लिहितं, आणि सबटायटल एडिटसारख्या फुकट प्रोग्रॅममधून ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता येतं. मोठं मॉडेल घ्या, लहान मॉडेलच्या मराठीला दुरुस्त करण्यापेक्षा स्वतः टाइप करणं लवकर होतं. लांब शांततेत व्हिस्पर कधी कधी न बोललेली वाक्यं लिहितं किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा छापतं, म्हणून आधी पॉज कापा, कॅप्शन नंतर.

नाचऱ्या कॅप्शनची प्लगिन विकत घेण्याआधी ट्रायलमध्ये ‘विद्यार्थ्यांच्या’ हा एक शब्द टाकून बघा. रफार, अनुस्वार, जोडाक्षर सगळं त्यात आहे. अक्षर-अक्षर उडवणारी टेम्प्लेट इथेच मोडतात, मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. शब्द-शब्द उडवणारी बहुधा टिकतात. प्रीमियरमध्ये आधी ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडलेलं असू द्या, नाहीतर दोष प्लगिनचा नसताना तुम्ही त्यालाच शिव्या घालाल.

वर्गणीची प्लगिन घेणार असाल, तर परदेशी कंपनीचं ऑटो-डेबिट आपल्या कार्डावरून अधूनमधून अडकतं हे धरून चाला. माझं एकदा डिलिव्हरीच्या आदल्या रात्री अडकलं होतं. शिवाय प्रीमियरमधली प्लगिन ज्या पायावर उभी आहेत तो पायाच अडोबी बदलते आहे, जुनं सीईपी जाऊन यूएक्सपी येतं आहे. सीझन मध्यावर असताना प्रीमियरचं अपडेट दाबू नका. आधी प्लगिनवाल्याच्या पानावर नव्या आवृत्तीचा नंबर दिसू द्या.