कुत्र्यासाठी ढकलगाडी घ्यायचीय? आधी दारापासून समुद्राच्या पुळणीपर्यंतची वाट कशी आहे ते बघा

परवा रत्नागिरीहून मावसभावाचा फोन, "ताई, बंड्यासाठी ती गाडी घेतलीस ना तू, तीच घेतो मी पण, लिंक पाठव." लिंक पाठवून काम झालं असतं तर काय हवं होतं, पण पहिली गाडी मीही अशीच फोटो बघून मागवली होती आणि ती आता पडवीत उभी आहे, चुलीला लागणारी नारळाची सोडणं भरून ठेवायला बरी पडते. ६२०० रुपयांची सोडणांची टोपली! म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढते, अजून कोणी घ्यायच्या विचारात असेल तर त्यालाही होईल.

आमचा बंड्या १२ वर्षांचा, आई गावठी आणि बाप कोणाचातरी लॅब्रॅडॉर, वजन २२ किलो. वजन केलं ते काजू बी घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर, दोघांनी उचलून ठेवला तर तो म्हणाला, बी अजून नीट वाळली नाय वाटतं. तर ह्याचे मागचे पाय जायला लागले ते आधी दिसलं नाही, ऐकू आलं. अंगणातल्या चिऱ्यांवरून चालला की खर्र खर्र आवाज यायचा, पाय हातात घेऊन बघितला तर मधली दोन नखं वरच्या बाजूने घासून सपाट झालेली, म्हंजे पंजा उलटा पडत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं मणक्याचं आहे, वयाचं आहे, पुढचे पाय छान आहेत.

इथे एक सांगून ठेवते, गाड्या बघायच्या आधी रक्त तपासून घ्या. आपल्याकडे गोचिडींचा सुळसुळाट, आणि गोचिडीच्या तापाने पण सांधे धरतात, कुत्रा आखडून चालतो, आणि आपण म्हणतो म्हातारा झाला. ते औषधाने बरं होतं, त्याला गाडी कशाला. आणि काल धावत होता आणि आज अचानक मागचे दोन्ही पाय ओढतोय असं असेल तर गाडीबिडी सोडा, आधी डॉक्टर गाठा, विशेषतः डॅशहुंड ही आखूड पायांची, लांब पाठीची जात असेल तर, कारण त्यांच्या मणक्यातली चकती सरकते आणि त्यात तासातासाने फरक पडतो.

आता गाडी. सगळे विचारतात कुत्रा केवढा, वजन किती. बरोबर आहे, पण आपल्याकडे त्याच्याइतकाच दुसरा प्रश्न असतो, वाट कसली? आम्ही गुहागरात, रस्ता मग घर, घरामागे आगर म्हंजे नारळाची बाग, मग सुरूची झाडं आणि मग समुद्र. बंड्याला संध्याकाळी समुद्र लागतोच, नाही नेला तर बेड्याजवळ, म्हंजे आगराच्या फाटकाजवळ बसून रडतो. म्हंजे गाडीला काय काय पार करायचं तर मागच्या दाराच्या तीन पायऱ्या, आगरातले पाण्याचे दोन पाट, मध्ये पडलेल्या झावळ्या, अडीच फुटी बेडं, सुरूच्या काड्या, मग साधारण चाळीस पावलं कोरडी पुळण आणि त्यानंतर ओली वाळू. ओल्या वाळूचं काही नाही हो, ओहोटीला ती इतकी घट्ट असते की तिच्यावरून काहीही चालतं. मारतात ती मधली चाळीस पावलं.

पहिली घेतली ती चार छोट्या चाकांची, बाळांच्या बाबागाडीसारखी. दिसायला गोड, घडी झटकन होते, वजनाला हलकी, एका हाताने उचलून गाडीच्या डिकीत टाकता येते. फरशीवर, डांबरी रस्त्यावर, सोसायटीच्या आवारात फर्स्ट क्लास. पण आमच्या अंगणातच पहिल्या दिवशी पुढचं चाक दोन चिऱ्यांच्या फटीत गेलं, मी ढकलत होते ती ढकलतच राहिले आणि बंड्या पुढे नाकावर. पुळणीत तर ही चाकं नांगरासारखी खाली जातात, शेवटी गाडी उलटी करून मागे चालत ओढली, येणाऱ्याजाणाऱ्यांची करमणूक झाली. वर २५ किलो झेपेल लिहिलेलं, ते झेपणं म्हंजे उभी गाडी मोडणार नाही एवढंच हे नंतर कळलं, २२ किलोचा कुत्रा एका अंगाला कलंडला की सांगाडा कुईकुई करायचा. पाच महिन्यांत पुढच्या चाकांचे बोल्ट गंजून फिरायचे बंद झाले. विकणाऱ्यांना फोन केला तर म्हणे खाऱ्या हवेचा गंज वॉरंटीत येत नाही. मग कोकणात विकता कशाला असं विचारलं, त्यावर उत्तर नाही.

तरी हिला वाईट म्हणणार नाही. शेजारच्या काकूंची चिंगी, ८ किलोची डॅशहुंड, तिच्यासाठी हीच जात उत्तम चाललीय कारण काकू तिला डांबरी रस्त्याने देवळापर्यंत नेतात आणि परत आणतात, पुळणीत उतरतच नाहीत. दहा किलोच्या आतला कुत्रा आणि सपाट रस्ता असेल तर ह्याच्यावर जास्त पैसे घालू नका.

दुसरी, जी आता आहे, ती तीन चाकी. पुढे एक, मागे दोन, हवा भरायची, मागची १२ इंची. पडली १४,५०० ला, घरात जरा भांडणच झालं. पण फरक विचाराल तर आगरातला पाट आता मी पुढचं चाक थोडं उचलून सरळ ओलांडते, झावळीवरून जाते, आणि कोरड्या पुळणीत हवा जरा कमी केली की टायर पसरतो आणि रुतत नाही. जोर लागतो, नाही असं नाही, पण जाते. पुढचं चाक फिरतं असतं ते लॉक करायची सोय आहे का बघा, वाळूत आणि खडबडीत जागी ते लॉक केलेलंच बरं, नाहीतर आडवं पडतं. १२ इंची ट्यूब म्हंजे लहान मुलांच्या सायकलची, कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळते, पंक्चर पण तोच काढतो, हे मला सगळ्यात आवडलं. भरीव फोमची चाकं पण येतात, पंक्चरचा त्रास नाही, पण चिऱ्यांवर दणके थेट कुत्र्याच्या पाठीला, आणि आपला पेशंट मणक्याचाच.

हिचे तोटे म्हंजे घडी केली तरी छोट्या कारच्या डिकीत चाकं काढल्याशिवाय मावत नाही. आणि जड आहे, उतारावर स्वतःच्या मर्जीने निघते. हँडलला हातात अडकवायचा पट्टा होता तो मी पहिले चार दिवस वापरला नाही, मग एकदा सुटली, नशीब पुढे गडगा, म्हंजे दगडी कुंपण होतं. आता पट्टा आणि मागच्या चाकांचा ब्रेक दोन्ही.

तिसरा मार्ग आपल्या गावचा. वेल्डिंगवाल्याकडून सपाट हातगाडी करून घ्यायची, चारी बाजूंना एक वीतभर कठडा, पुढे ओढायचा दांडा, खाली जाड चाकं. आमच्या ओळखीत एकांनी ३५ किलोच्या जर्मन शेफर्डसाठी केलीय, साडेचार हजारांत झाली. ह्यात दम आहे. जमिनीपासून जेमतेम टाचेएवढी उंच, त्यामुळे कुत्रा उचलावा लागत नाही, पुढचे पाय तो स्वतः टाकतो आणि मागचं अंग आपण सरकवायचं. २५ किलोच्या वर असेल तर मी तरी हाच विचार आधी करेन, कारण विकतच्या गाड्यांची बैठक असते गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि रोज दोनदा ३५ किलो गुडघ्यापर्यंत उचलायचं म्हंजे थोड्या दिवसांनी दुसरी गाडी तुमच्यासाठी लागेल. पण छप्पर नाही, लोखंड असल्यामुळे रंग निघाला की गंज, आणि घडी होत नाही म्हणून घरापासून समुद्र चालत असेल तरच.

चौथी गोष्ट गाडी नाहीच खरं तर, मागच्या पायांची चाकाची खुर्ची. लोक स्ट्रोलर म्हंजे ढकलगाडी आणि ही खुर्ची यात गोंधळ करतात. स्ट्रोलरमध्ये कुत्रा बसतो आणि आपण फिरतो, खुर्चीत कुत्रा स्वतः चालतो, पुढच्या पायांनी ओढतो आणि मागचं अंग दोन चाकांवर तरंगतं. त्यामुळे पुढचे पाय आणि खांदे दणकट हवेत, चारही पाय अशक्त असतील किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बंड्याला आणलीय, माप देऊन, नऊ हजारात. पहिल्या दिवशी पुतळ्यासारखा उभा, दुसऱ्या दिवशी सुक्या बांगड्याचा तुकडा दाखवल्यावर चालला. सुरुवात दहा मिनिटांनीच करा, जांघेत पट्टा घासतो, रोज केस बाजूला करून कातडी लाल झालीय का बघायची. खुर्चीत त्याला बसता येत नाही, आडवं होता येत नाही, म्हणून एकटा सोडायचा नाही. पुळणीत ही पण रुतते.

मग आता आमचं असं बसलंय की घर ते ओली वाळू तीन चाकीत, तिथे खुर्ची जोडायची, पंधरा मिनिटं तो खेकड्यांच्या बिळांत नाक घालत हिंडतो, आणि दमला की परत गाडीत. दोन्हीचे पैसे जमत नसतील तर गाडी घ्या आणि ओल्या वाळूवर पोटाखाली पंचा घालून चालवा. जुना सुती पंचा, मागच्या पायांच्या जरा पुढे, दोन्ही टोकं वर हातात, नर कुत्रा असेल तर शू करायची जागा मोकळी सोडायची, सांगायची गरज नाही पण सांगते कारण मी चुकले होते. गाडी आली म्हणून चालणं बंद मात्र करू नका, जे थोडे स्नायू आहेत ते पण जातात.

कुठलीही घ्या, माप आडव्या पडलेल्या कुत्र्याचं घ्या. बंड्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ७५ सेंमी, आतली जागा ८५ ची घेतली, कारण ह्या कुत्र्यांना गोळा होऊन बसता येत नाही, मागचे पाय एका बाजूला सांडलेले असतात. तळ कडक हवा, झोळीसारखा दबणारा नको. दार मागून आणि खालून उघडणारं हवं, वरून उचलून घालायचं असेल तर नकोच. आतला पट्टा गळ्याच्या पट्ट्याला लावू नका, उडी मारायला गेला तर फास बसतो, छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला म्हंजे हार्नेसला लावा. गादीचं कव्हर निघणारं हवं कारण मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची शू थेंब थेंब होतेच, मी रेक्झिनचा तुकडा खाली आणि वर जुनी गोधडी घालते.

आणि आपली हवा. सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तरी बोल्ट आणि बेअरिंग लोखंडी असतात, समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने चाकं धुवायची, पुसायची, महिन्याला ग्रीस. कापडाची चेन म्हंजे झिप प्लास्टिकची बघा, धातूची असेल तर मिठाने अडकते, मग मेणबत्ती घासत बसा. पावसाळ्याचं वरचं प्लास्टिक फुकट मिळालं म्हणून खूश होऊ नका, ते लावून उन्हाचं नेलं तर आत भट्टी. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, आणि आपल्याकडे वैशाखात हवेतच इतका दमटपणा असतो की धापेचाही उपयोग कमी होतो, मग बंद डब्यात तर विचारू नका. जाळी तिन्ही बाजूंनी हवी आणि काळं कापड नको. पावसात चार दिवस कोपऱ्यात ठेवली की बुरशी, म्हणून कापड निघून धुता येतंय का ते घेतानाच विचारा.

मावसभावाचं उत्तर वेगळंच निघालं. त्याचा लॅब्रॅडॉर ३१ किलोचा आणि तो राहतो दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हटलं बाबा, कुठलीही गाडी घेतलीस तरी ती जिन्याखालीच राहणार, तुझा प्रश्न त्या चौतीस पायऱ्यांचा आहे. त्याला आधी मागच्या अंगाला हँडल असलेला हार्नेस घे म्हटलं, त्याने आणि वैनीने मिळून उतरवायचा, पुढे एक मागे एक, पाठ आडवी राहील असं. खाली जिन्याजवळ गाडी बांधून ठेवायला शेजारी हरकत घेतायत का ते विचार. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर तो कारने नेतो, म्हंजे माझी तीन चाकी त्याच्या डिकीत मावणार नाही, आणि चार छोट्या चाकांची ३१ किलोला नको. मागची चाकं बटण दाबून निघणारी तीन चाकी मिळाली तर ठीक, नाहीतर ती ठेंगणी हातगाडी, पण दांडा दुमडणारा करून आणि डिकीचं माप घेऊन. त्याला म्हटलं डिकी, दार, कुत्रा, तिन्हीची मापं पाठव मग बोलू.

काल रात्री फोटो आला. लॅब्रॅडॉर जिन्याच्या खालच्या पायरीवर पसरलाय, शेजारी मोजायचा टेप, आणि टेपचं टोक त्याच्या तोंडात.