गॅस विकणारी की वीज बनवणारी: कोणाचा पैसा किती दिवसांनी घरी येतो?

माझी आत्या साताऱ्याला शिक्षिका होती, अलीकडेच निवृत्त झाली. हाती आलेल्या रकमेतला थोडा भाग शेअरमध्ये घालायचं तिच्या मनात आहे. गॅस आणि वीज कोणाला लागत नाही, म्हणून ऊर्जा कंपन्यांवर तिचा डोळा. शहरात पाइपनं गॅस पुरवणारी घ्यावी की कोळशावर वीज बनवणारी, एवढाच तिचा प्रश्न. दोन्हींचा नफा तिनं वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवला होता आणि आकडे जवळपास सारखे होते. मी म्हटलं, आत्या, नफ्याचं पान जरा मिटून ठेव. आधी पैसा किती दिवसांनी घरी येतो ते पाहू.

यालाच कॅश कन्व्हर्जन सायकल म्हणतात. मालासाठी खिशातून पैसे गेले त्या दिवसापासून विक्रीचे पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस लोटतात, याचा हिशेब. भाजीवाला पहाटे मार्केट यार्डात रोख मोजतो आणि संध्याकाळपर्यंत गल्ला भरतो. त्याचं चक्र एका दिवसाचं. द्राक्षबागायतदाराचं चक्र छाटणीपासून व्यापाऱ्याच्या चेकपर्यंत महिनोन्‌महिने चालतं. कंपनीसाठी सूत्र साधं आहे: माल पडून राहण्याचे दिवस, अधिक गिऱ्हाइकाकडे उधारी राहण्याचे दिवस, वजा आपण पुरवठादाराचे पैसे थकवतो ते दिवस.

आत्यासाठी मी दोन काल्पनिक कंपन्या मांडल्या. दोघींची वर्षाची विक्री ७,३०० कोटी, म्हणजे रोजचे २० कोटी.

| | गॅस वितरण | कोळशावरची वीज |
|---|---|---|
| मालाचे दिवस | ३ | २५ |
| उधारीचे दिवस | १५ | ९० |
| देण्याचे दिवस | २५ | ३० |
| चक्र | उणे ७ | ८५ |

उणे सात म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा आधी येतो, पुरवठादाराला नंतर जातो. दुसरीकडे, उधारीचे ९० दिवस म्हणजे १,८०० कोटी बाहेर. त्यात ३०० कोटींचा कोळसा मिळवा, ३६० कोटींचं देणं वजा करा, तर १,७४० कोटी कायमचे अडकलेले. नऊ टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचं व्याज दीडशे कोटींच्या वर जातं. आत्यानं लगेच पेन उचलून गॅसवर खूण केली. तिथेच मला तिला थांबवावं लागलं, कारण या तक्त्यावरून निर्णय घेणारे बहुतेक जण इथेच चुकतात.

आधी गॅसची बाजू, कारण ती सोपी आहे. ठाण्यात रात्री सीएनजी पंपावर उभं राहिलं की सगळं चक्र डोळ्यांसमोर घडतं. रिक्षांची रांग, नळी लागते, मीटर किलोवर थांबतो, चालक फोन पुढे करतो आणि ‘प्राप्त हुए’ ऐकू आलं की व्यवहार संपला. गोदाम नाही, साठा जवळपास नाहीच. जो वायू आत्ता विकला तो काही वेळापूर्वी पाइपात होता. घरगुती गॅसचं बिल मात्र बहुधा दोन महिन्यांनी येतं, म्हणजे ती खरी उधारी. पण जोडणी देताना घेतलेली अनामत कंपनीकडेच असते. ती अनामत देण्यांच्या ओळीत दिसत नाही, ताळेबंदात ‘इतर वित्तीय दायित्वे’ या नावाखाली बसते. हजारो घरांची बिनव्याजी रक्कम चक्राच्या सूत्रात येतच नाही. ती धरली तर गॅस कंपनी दिसते त्याहून जास्त सुखात आहे.

मग अडचण कुठे? चक्र वेग सांगतं, नफ्याची जाडी सांगत नाही. २०२४ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये शहर गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त देशी वायूच्या वाटपात सरकारनं लागोपाठ दोनदा कपात केली. तेवढा वायू महाग भावानं आणावा लागला. शेअर दणकन पडले. पंपावरचा फोन मात्र तसाच वाजत होता, चक्राचे दिवस जागचे हलले नव्हते. म्हणून गॅस कंपनीत दिवस मोजून झाले की लगेच विचारायचं, एका घनमीटरमागे किती उरतं आणि स्वस्त वायूचं वाटप कोणाच्या हातात आहे.

आता विजेकडे. ‘चक्र लांब म्हणजे कंपनी वाईट’ या बाजारातल्या नेहमीच्या मतापेक्षा इथे माझं मत वेगळं आहे, म्हणून जरा थांबतो.

वीजनिर्मिती कंपनीचं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही नसतो, राज्याची वितरण कंपनी असते. आपण बिल भरतो वितरण कंपनीकडे. शेतीपंपांचं अनुदान तिला सरकारकडून यावं लागतं. ते लांबलं की निर्मितीचं देणं लांबतं. कोळसा मात्र बहुतेक वेळा आगाऊ पैसे भरूनच उचलावा लागतो. दोन्ही टोकांनी ओढ.

पण ज्या प्रकल्पांचा दर नियामक आयोग खर्चावर आधारून ठरवतो, तिथे एक गोष्ट लोक विसरतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०१९ ते २०२४ या काळाच्या दर-नियमांत खेळत्या भांडवलासाठी ४५ दिवसांची येणी धरलेली होती, कोळशाचा साठा खाणीजवळच्या केंद्राला १० दिवस आणि लांबच्या केंद्राला २० दिवस. या ठरलेल्या भांडवलावरचं व्याज विजेच्या दरातच वसूल होतं. म्हणजे आपल्या ९० दिवसांतल्या पहिल्या ४५ दिवसांचा भार भागधारकावर नाहीच, वीज घेणारा तो आधीच भरतो. त्रास देतात ते पुढचे ४५. स्पर्धात्मक बोलीतून दर ठरलेल्या प्रकल्पांना हे लागू नाही, तिथे दिवस मोजताना कंपनीनं बोलीत काय गृहीत धरलं होतं ते पाहावं लागतं.

त्या पुढच्या दिवसांसाठी ३ जून २०२२ ला केंद्रानं विलंब अधिभाराचे नवे नियम आणले. करारात मुदत नसेल तर बिल दिल्यापासून ४५ दिवसांत पैसे. उशीर झाला की स्टेट बँकेच्या एक वर्षाच्या एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाच्या आधार-दरावर) पाच टक्के जास्त व्याज, आणि ते दरमहा अर्ध्या टक्क्यानं चढत जाऊन मूळ दरापेक्षा तीन टक्के वर थांबतं. त्यापुढेही पैसे आले नाहीत तर वितरण कंपनीची एक्स्चेंजवरून, म्हणजे विजेच्या खुल्या बाजारातून, वीज घेण्याची वाट बंद होऊ लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये तसं घडलंही: १३ राज्यांच्या कंपन्यांना मनाई झाली आणि यादीत महाराष्ट्राचं नाव होतं. जुनी थकबाकी, सुमारे १ लाख ४० हजार कोटी, जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत फेडायची सोय झाली. निर्मिती कंपन्यांना यात खरा चटका बसला तो असा की हप्ते वेळेवर आले तर त्या रकमेवर पुढचा अधिभार माफ होता. पैसा येणार हे पक्कं झालं, पण चार वर्षांपर्यंतचं व्याज सोडावं लागलं.

म्हणून ८५ हा आकडा ऐकून घाबरायचं की नाही, हे वार्षिक अहवालातलं एक पान ठरवतं. एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना येण्यांचा वयानुसार तक्ता द्यावाच लागतो: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, तीनच्या वर, वादातली वेगळी, बिनवादाची वेगळी. आत्यासोबत मी हे पान उघडलं. दोन वीज कंपन्यांचं चक्र सारखंच निघालं. एकीची जवळपास सगळी येणी पहिल्या रकान्यात, दुसरीची मोठी रक्कम ‘तीन वर्षांच्या वर, वादातली’ या कोपऱ्यात. पहिली म्हणजे उशिरा पण नेमानं भाडं देणारा भाडेकरू. दुसरी म्हणजे कोर्टात गेलेला. सरासरी दिवसांनी दोघांना एकाच ओळीत बसवलं होतं. शाळेत वर्षानुवर्षं गुणपत्रकं तपासलेल्या आत्याला हे समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच पानावर ‘बिल न केलेलं उत्पन्न’ शोधायचं. वीज दिली, बिल अजून गेलं नाही, तरी ते विक्रीत धरलेलं असतं. कधी ते येण्यांत असतं, कधी ‘इतर चालू मालमत्ता’मध्ये. शिवाय काही कंपन्या वितरण कंपनीवरची बिलं बँकेला सवलतीनं विकतात. तशी विक्री झाली की येणी एका रात्रीत आटतात आणि चक्र देखणं होतं. ३१ मार्चचा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा एकदम सुधारलेला दिसला की मी आधी बिल डिस्काउंटिंगची टीप वाचतो.

आता सूत्रातला वजाबाकीचा भाग, म्हणजे देण्याचे दिवस. हे मी घरात बसून पाहिलंय. माझा धाकटा मामा छोटी विद्युत कामं घ्यायचा: खांब उभे करणं, तारा ओढणं, रोहित्राचे चौथरे बांधणं. एका मोठ्या ऊर्जा कंपनीच्या कामाचं त्याचं बिल अकरा महिने अडकलं. दर सोमवारी तो फाइल घेऊन जायचा, ‘वरून सही यायची आहे’ ऐकून परत यायचा. मामीच्या बांगड्या गहाण पडल्या तेव्हा कामगारांची दिवाळी झाली. त्याच वर्षी त्या कंपनीचं चक्र सुधारलं असणार, कारण मामासारख्यांचे दिवस त्या आकड्यात वजा होतात.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, हा कायदा २००६ पासून आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या वर्षापासून आयकरातही नियम आला की मुदतीत न दिलेली ही रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. देण्यांच्या तक्त्यात या छोट्या उद्योगांची ओळ वेगळी छापलेली असते. तिथे वर्षाच्या वरची रक्कम दिसली, तर कंपनीचं चक्र कितीही छोटं असो, ते उसन्या दिवसांवर चाललंय.

ऊर्जेतल्या इतरांबद्दल थोडक्यात. तेल कंपन्यांचं चक्र चांगलं दिसतं, पण घरगुती सिलिंडर कमी भावात विकून झालेला तोटा सूत्राबाहेर राहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना २२,००० कोटींचं एकरकमी अनुदान मंजूर झालं, जून २०२० ते जून २०२२ च्या तोट्यापोटी. म्हणजे सुरुवातीच्या तोट्यासाठी दोन वर्षांहून जास्त वाट, आणि उधारीच्या दिवसांत ती कुठेच नव्हती. पवनचक्क्या बनवणाऱ्यांचं चक्र प्रकल्पागणिक फुगतं. तिथे गिऱ्हाइकांनी दिलेले आगाऊ पैसेही मांडायला हवेत. पुण्याच्या सुझलॉननं ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय चलनातल्या, शेअरमध्ये बदलता येणाऱ्या रोख्यांची परतफेड चुकवली, तेव्हा कामं हातात होती, रोख नव्हती.

आत्याचा निर्णय काय झाला? तिला दर तिमाहीला अहवाल चाळायचे नाहीत आणि लाभांश नियमित हवा आहे. अशा माणसाला मी गॅस वितरणाकडे वळायला सांगतो, मात्र सगळी रक्कम एकाच कंपनीत नको. ज्याला वर्षातून दोनदा वयानुसार तक्ता उघडायची तयारी आहे, त्यानं ८५ दिवसांची वीज कंपनी केवळ आकड्यापायी सोडू नये. येणी पहिल्या रकान्यात असतील आणि दर खर्चावर आधारलेला असेल, तर मी स्वतः ती घेईन.

आत्यानं अजून पैसे घातलेले नाहीत. काल तिचा फोन आला. गॅस कंपनीच्या अहवालात तिला छोट्या पुरवठादारांची ओळ सापडली होती आणि तिथे थकलेलं काहीच नव्हतं. ‘म्हणजे तुझ्या मामाला यांनी वेळेवर दिले असते,’ ती म्हणाली. आता मागच्या दोन वर्षांचे अहवाल काढून ती तीच ओळ शोधते आहे.