रेझिन की जर्मन सिल्व्हर? माथेरानचं इंजिन घरी बांधणाऱ्यांसाठी

माथेरानच्या वाफेच्या इंजिनाच्या छोट्या मॉडेलचं किट स्वतः तयार करायचं आणि जमलं तर चार मित्रांनाही द्यायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुठल्या प्रमाणात बांधायचं ते तुमचं ठरलं असेल असं धरतो. माझं प्रमाण १:४३.५ आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. खऱ्या गाडीच्या दोन फुटी गेजच्या, म्हणजे रुळांमधल्या अंतराच्या, हिशेबाने हे रूळ खऱ्या मापात चारेक इंच रुंद पडतात, पण त्यांच्यावर धावणारी तयार चॅसी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, सहज मिळते, म्हणून तेवढं मी पत्करलं.

मग प्रश्न उरतो वरच्या अंगाचा. टाक्या, केबिन, बॉयलर, बाहेरची फ्रेम हे सगळं रेझिनमध्ये, म्हणजे प्रकाशाने कडक होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकात, थ्रीडी प्रिंट करायचं, की धातूच्या पत्र्यावर एचिंग करून, म्हणजे रसायनाने पत्रा खाऊन आकार काढून, घड्या घालून, सोल्डरने जोडायचं? मी दोन्ही केलं आहे. पहिलं इंजिन पूर्ण रेझिनचं, दुसरं पत्र्याचं. दोन्ही आजही माझ्याकडे आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे. तरी तिसरं करायला घेतलं तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. का, ते पुढे येईलच.

आधी थोडं खऱ्या इंजिनाबद्दल, कारण निवड तिथूनच सुरू होते. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या हट्टातून १९०७ साली ही गाडी नेरळहून वर चढली. ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने तिच्यासाठी सहा चाकांची चार टँक इंजिनं, म्हणजे पाणी स्वतःच्या टाक्यांत वाहणारी, दिली, क्रमांक ७३८ ते ७४१. वीसात एक असा चढ आणि अंगावर येणारी वळणं, त्यामुळे त्यांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. पुढचं आणि मागचं चाकजोड प्रत्येकी एका पोकळ आसावर बसवलेलं, त्या पोकळीतून आतला भरीव आस जातो आणि दोघांच्या मधोमध गोलाकार सांधा. आतला आस फ्रेममध्ये सरळ राहून फिरतो, बाहेरचा चाकांसह वळणाप्रमाणे तिरका होतो. मॉडेलमध्ये हे करायचा मोह मलाही झाला होता. सोडून दिला, आणि तुम्हीही पहिल्या इंजिनात सोडून द्या. बाहेरच्या फ्रेमबाहेर क्रँक, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे जिथे जोडतात ते हात, बसवणं आणि दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये अचूक काटकोन राखणं हेच पुरेसं काम आहे, आणि ते रेझिन घ्या की पत्रा घ्या, दोन्हीकडे सारखंच छळतं.

निवडीसाठी महत्त्वाचं आहे ते या इंजिनाचं अंग. ते जवळजवळ सगळं सपाट पत्र्याचं आहे. बाजूच्या टाक्या सपाट, केबिनच्या भिंती सपाट, बाहेरची फ्रेम सपाट, आणि टाक्या-केबिनच्या खाली लांब सरळ रनिंग प्लेट, म्हणजे ती ज्यावर बसतात तो आडवा पत्रा.

रेझिनपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तिथूनच करतील आणि त्यात काही चूक नाही. कॉम्प्युटरवर आकार काढता येत असेल तर शुक्रवारी रात्री काढलेली चिमणी शनिवारी सकाळी हातात असते. धुराड्याच्या पेटीचं गोल दार, त्याच्या बिजागऱ्या, वाफेच्या घुमटाचा तळाशी बॉयलरवर पसरणारा काठ, असले आकार पत्र्यातून काढायचे तर जन्म जाईल. रेझिनमध्ये ते फुकट मिळाल्यासारखे येतात. आणि चूक झाली तर? आकृती सुधारली, पुन्हा लावलं, उद्या नवीन. शिकणाऱ्याला याची किंमत फार मोठी आहे, हे मी मनापासून मान्य करतो. वास, हातमोजे, अल्कोहोलमध्ये धुणं, आधाराच्या काड्या तोडल्यावर राहणारे बारीक खड्डे, बॉयलरवर थरांच्या रेघा, हे सगळं असतं, पण ओल्या पॉलिश पेपरने आणि सवयीने ते निभतं.

पत्र्याचं याच्या उलट. तिथे आकृती काढतानाच डोकं शिणतं. समोरच्या बाजूने काय खायचं, मागच्या बाजूने काय खायचं, ते वेगवेगळ्या रंगांत दाखवायचं. जिथे दोन्हीकडून रसायन पोहोचतं तिथे आरपार छेद, जिथे एकाच बाजूने तिथे अर्ध्या जाडीची खाच. घडीची खाच घडीच्या आतल्या अंगाला यायला हवी. रिव्हेटचा ठिपका मागून अर्धा खायचा, मग टोकदार खिळ्याने दाबून पुढे उठवायचा. भोक पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान काढू नये, ते नीट उघडत नाही. एका भागाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची असेल तर खाचेला केसभर जागा जास्त द्यायची. यातलं एक जरी विसरलं तरी ते पत्रा हातात आल्यावरच कळतं.

माझ्या पहिल्या पत्र्यात दोन्ही टाक्या उजव्या निघाल्या. डावी टाकी काढताना उजवीची नक्कल करून ती आरशासारखी उलटवली होती, पण त्यात पुढचे-मागचे रंगही अदलाबदल झाले, ते पाहायचं राहिलं. घड्या घालून पाहिल्या तर रिव्हेट एकीवर बाहेर, दुसरीवर आत. आख्खा पत्रा वाया गेला. काम ज्यांच्याकडे दिलं होतं ते नावाच्या पाट्या करतात, त्यांच्या मोठ्या कामाच्या सोबत माझा पत्रा लागायचा, त्यामुळे पुन्हा महिनाभर थांबलो. घरी करता येत नाही असं नाही. फेरिक क्लोराइड पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतं, सर्किट बोर्ड करणारे तेच वापरतात. पण दोन्ही बाजूंच्या आकृत्यांच्या पारदर्शक फिल्म एकमेकींवर तंतोतंत बसवणं मला घरी जमलं नाही, कडा एकीकडे सरकल्या. तुमचा हात माझ्याहून चांगला असू शकतो.

इथवर वाचून रेझिनचं पारडं जड वाटत असेल तर ते रास्तच आहे. मलाही तसंच वाटत होतं, पहिलं इंजिन पुरं झालं त्या जानेवारीत. रंग झाला, आकडा लिहिला, तीन डबे लावून ते टेबलावर फिरू लागलं. दिसायला इतकं छान की मी रोज ऑफिसातून आलो की आधी एक फेरी मारायचो.

एप्रिलच्या शेवटी डबे सुटायला लागले. एकाच वळणावर, दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला. मी आधी रूळ तपासले. मग चाकांमधलं अंतर. मग डब्यांचे कपलिंग बदलले. एक अख्खा रविवार वळणाखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवण्यात गेला. डबे सुटतच राहिले. शेवटी चॅसी काढून नुसतं वरचं अंग खिडकीजवळ टेबलाच्या काचेवर ठेवलं, डोळे काचेच्या पातळीला आणले, आणि दिसलं. मधोमध रनिंग प्लेट काचेला टेकलेली, आणि पुढच्या-मागच्या टोकाखालून उजेड येतोय. दोन्ही टोकं जवळजवळ एकेक मिलिमीटर वर उचललेली. खऱ्या इंजिनावर हेच चार सेंटीमीटरांहून जास्त झालं. कपलिंग टोकाला असतं, त्यामुळे तेही तेवढंच वर गेलं होतं आणि वळणावर डब्याच्या कपलिंगवरून निसटत होतं.

लांब, पातळ, सपाट भाग रेझिनमध्ये असा वाकतो. प्रिंट झाल्यावर प्रकाशाने ते एका अंगाला जास्त कडक होतं, दुसऱ्या अंगाला कमी, नंतरही हळूहळू कडक होत राहतं, आणि त्यात आपला उन्हाळा. उपाय मला सांगितले गेले ते सगळे केले. गरम पाण्यात बुडवून दोन काचांमध्ये दाबून ठेवलं. सरळ झालं, आणि गणपतीपर्यंत पुन्हा तसंच. मग तिरकं ठेवून नव्याने प्रिंट केलं, पत्र्याच्या दुप्पट जाडीचं. ते बऱ्यापैकी सरळ राहिलं, पण आता कड जाड दिसत होती. खऱ्या इंजिनाची रनिंग प्लेट बाजूने पाहिली की एक बारीक रेघ दिसते, माझी लाकडी फळीसारखी दिसायला लागली. शेवटी तिच्या पोटात दोन खाचा ठेवल्या आणि त्यांत पितळी पट्ट्या चिकटवल्या. तेव्हा ते टिकलं.

त्या रात्री पट्ट्या चिकटवताना मनात आलं, की सरळ ठेवण्यासाठी आत पितळ घालावंच लागतंय तर अख्खा भाग धातूचाच का नको? माझ्यापुरता निर्णय तिथे झाला. इतरांची रेझिनची इंजिनं वर्षानुवर्षं सरळ राहिलेली मी पाहिली आहेत, हेही सांगायला हवं. लहान लांबीची, आडव्या भिंतींनी आतून बांधलेली अंगं टिकतात. माझी रेझिनची बाटली, माझं यंत्र, माझी गच्चीकडची गरम खोली, यांचाही वाटा असेलच.

पत्रा घ्यायचा ठरवलात तर पितळ की जर्मन सिल्व्हर, हा पुढचा प्रश्न. पितळ स्वस्त आणि सगळीकडे मिळतं, पण ते उष्णता पळवतं. केबिनचा एक कोपरा झाळायला घ्यावा तर ती ऊब टाकीपर्यंत पोहोचते आणि मघाशी लावलेली कड सुटते. जर्मन सिल्व्हर, म्हणजे आपल्याकडे ज्याची ताटं-वाट्या असायच्या तोच तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, उष्णता बरीच सावकाश वाहून नेतो. सोल्डर जिथे हवं तिथे वितळतं, शेजारचा जोड शांत राहतो. नवशिक्याला पितळ द्यायची पद्धत आहे, मला ती उलटी वाटते.

आणि तो क्षण अनुभवल्याशिवाय कळत नाही. केबिनची बाजू आणि पुढची भिंत काटकोनात धरलेली, आतल्या कोपऱ्यात फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर पसरायला मदत करणाऱ्या द्रावाचा, एक थेंब. सोल्डरिंग गनच्या टोकावर मुगाएवढं सोल्डर घेऊन ते कोपऱ्याच्या एका टोकाला टेकवायचं. फ्लक्स चुरचुरतो, क्षणभर काहीच होत नाही, मग सोल्डर एकदम चमकतं आणि सांध्यातून स्वतःच धावत दुसऱ्या टोकाला जातं. बाहेरून पाहिलं तर केसाएवढी चंदेरी रेघ. काटकोन चुकला असेल तर पुन्हा तापवा, सुटतो, नीट लावा. रेझिनचा चिकटवलेला भाग असा परत मागता येत नाही.

बॉयलर मात्र मला पहिल्यांदा अजिबात वळला नाही. पत्रा नळीवर गुंडाळला की दोन्ही कडा सपाटच राहायच्या, गोलाऐवजी नासपतीसारखा आकार. कसब्यात तांबट आळीत एका कारागिरांना दाखवला. त्यांनी तो बोटांनी वाकवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘अहो, कडक पत्रा आहे हा, ऐकणार कसा? आधी भाजून घ्या, गार होऊ द्या, मग वळवा. आणि हवाय त्याच्यापेक्षा बारीक नळीवर वळवा, सोडला की उघडतो तो.’’ घरी गॅसवर हलका लाल होईपर्यंत तापवला, गार केला, अंगठ्याने वळवला. पहिल्याच प्रयत्नात बसला.

वजनाचं एका वाक्यात सांगतो: रेझिनच्या इंजिनात शिशाचे तुकडे भरूनही तीन डबे चढावर कुरकुरत जातात, पत्र्याचं चार सहज नेतं.

मित्रांना किट द्यायचं असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. एकदा आकृती बरोबर झाली की पत्र्याची दहावी प्रत पहिलीसारखीच येते आणि पुठ्ठ्यात घालून पाकिटातून पाठवता येते. पण घेणाऱ्याला सोल्डरिंग यायला हवं. माझ्या दोन मित्रांकडे पत्रे अजून तसेच पडून आहेत, रेझिनचे भाग दिले असते तर त्यांची इंजिनं आज धावत असती. घरात लहान मुलं आहेत, गरम सोल्डरिंग गन ठेवायला सुरक्षित जागा नाही, किंवा एकच इंजिन हवंय, तर रेझिनच घ्या आणि रनिंग प्लेटमध्ये पहिल्या दिवसापासून धातूची पट्टी ठेवा. इंजिन दार्जिलिंगचं बी वर्गाचं असेल तर मीही रेझिनकडे झुकेन. त्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसते, तिचा बाक पत्र्यात आणणं सोपं नाही.

माथेरानसाठी माझं तिसरं इंजिन असं चाललंय: फ्रेम, रनिंग प्लेट, टाक्या, केबिन जर्मन सिल्व्हरचं, आणि चिमणी, घुमट, धुराड्याच्या पेटीचं दार रेझिनचं. हे लहान, आटोपशीर भाग वाकत नाहीत.

आकृती काढायला बसण्याआधी नेरळला जाऊन तिथे उभं असलेलं इंजिन नीट पाहून या. ७४० नंबरचं इंग्लंडात लेटन बझर्डच्या रेल्वेवर गेलं आहे, त्याचेही बरेच फोटो मिळतील, पण टेप खऱ्या पत्र्यालाच लावावा. स्टेशनात आधी परवानगी विचारा, टेपचं दुसरं टोक धरायला कोणाला तरी न्या, आणि केबिनच्या मागच्या भिंतीचे फोटो सरळ समोरून काढा. मी फक्त बाजूने काढले होते, आणि त्या एका भिंतीसाठी मला पुन्हा नेरळ गाठावं लागलं.