गोवा ते मुंबई: विमान सव्वा तासाचं, पण घरातून निघून पोचेपर्यंत किती?

गोवा-मुंबई हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. तिकिटावर वेळ सव्वा तास, त्यातला प्रत्यक्ष हवेत पाऊण-एक तासच, आणि तेवढं बघूनच बरेच जण विमानाचं तिकीट काढून मोकळे होतात. पण गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याच्या माणसाचा आणि दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाचा हिशेब एक नाही, म्हणून आधी स्वतःचं घर कुठं आहे ते बघा.

5 जानेवारी 2023 पासून पेडण्याकडच्या मोपाची विमानं सुरू झाली आणि गोव्याला दोन एअरपोर्ट झाले, पण बुकिंग ॲपमध्ये नुसतं 'गोवा' टाकलं की दोन्हीकडची विमानं एकत्र दिसतात. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. पैसे भरायच्या आधी हे बघाच बघा, कारण मडगावहून दाबोळी पाऊण तासात येतं आणि मोपा साठ-पासष्ट किलोमीटर पडतं, म्हणजे मोपाचं तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त मिळालं तरी टॅक्सीत त्याहून जास्त जातात. कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस आहे, वेळ जुळली तर तीच घ्या. पेडणे, म्हापसा, बांदा, सावंतवाडी यांनी मोपाच धरावं. पणजीवाल्यांना दाबोळी थोडं जवळ, त्यात झुवारीचा नवा पूल झाल्यापासून तो रस्ता बराच सुटला आहे, फक्त दाबोळी नेव्हीचं असल्यामुळे आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी तिथं विमानं कमी असतात.

आता रेल्वे. वंदे भारत दुपारी मडगावहून सुटते आणि पावणेआठ तासांच्या आसपास सीएसएमटीला पोचते, थिवी, ठाणे, दादर ही स्टेशनंही घेते. विमानाचं बघा: घरून एअरपोर्ट एक तास, तिथं दीड तास आधी, मग सव्वा तासाचं उड्डाण, बॅग घेऊन शहरात पोचायला आणखी तास-दीड तास, म्हणजे पाच तास धरूनच चाला. तर थिवीजवळ राहणाऱ्याला आणि ठाण्याला उतरणाऱ्याला विमानाने खरे वाचतात फार तर तीन तास, माझ्या मते तेवढ्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घालू नयेत. शिवाय रात्रीची कोकणकन्या आहे, झोपेत प्रवास होतो आणि सकाळी कामाला हजर.

पावसाळ्यात मात्र गणित पूर्ण बदलतं. दरडींच्या भीतीने कोकण रेल्वे गाड्यांचा वेग कमी करते, वेगळं टाइमटेबल लागतं, वंदे भारतला दहा तास लागतात आणि तिच्या फेऱ्याही कमी होतात. तेव्हा म्हातारी माणसं किंवा लहान मूल बरोबर असेल, किंवा हॉस्पिटलची अपॉइंटमेंट असेल तर सरळ विमानच घ्या. मुंबईत उतरल्यावर एअरपोर्टच्या टर्मिनल 2 (टी-2) वरून मेट्रो 3 थेट सीएसएमटीकडे जाते, सामान हलकं असेल तर टॅक्सीची गरज नाही.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येणाऱ्यांनी रेल्वेचं बुकिंग ज्या दिवशी उघडतं त्याच सकाळी बसा, नंतर वेटिंगच मिळतं आणि विमानाचे दर तोवर आभाळाला भिडलेले असतात.