‘ब्रेकिंग बॅड’ की ‘बेटर कॉल सॉल’?

दोन्ही मालिका एकाच गावात घडतात. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की, तेच रखरखीत वाळवंट, तेच चिकनचं हॉटेल, बरीचशी माणसंही तीच. ‘ब्रेकिंग बॅड’ 2008 ते 2013, पाच सीझन, 62 भाग. ‘बेटर कॉल सॉल’ 2015 ते 2022, सहा सीझन, 63 भाग. आकडे ऐकून घाबरू नका, आपल्याकडची रोजची मालिका एवढे भाग अडीच महिन्यांत उडवते. पण एक तर एकच बघायला वेळ आहे, किंवा कुठून सुरुवात करायची ते कळत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितेय.

क्रमाचा प्रश्न आधी मिटवू. सॉलची गोष्ट बरीचशी ‘ब्रेकिंग बॅड’च्या आधीची आहे, म्हणून काळाच्या हिशेबाने ती आधी बघायचा मोह होतो. तो टाळा. सॉलचा पहिलाच भाग कृष्णधवल दृश्याने उघडतो: ओमाहाच्या एका मॉलमध्ये मिशी ठेवलेला एक टकलू माणूस दालचिनीचे रोल भाजतोय आणि आपल्याला कुणी ओळखेल म्हणून टरकलाय. ही दृश्यं ‘ब्रेकिंग बॅड’नंतरच्या काळातली आहेत आणि शेवटचे भाग बहुतेक त्याच काळात घडतात. हा माणूस कशाला घाबरतोय हेच ठाऊक नसेल तर अर्धी गंमत गेली.

आता एकच बघायची तर कुठली?

पकड म्हणाल तर ‘ब्रेकिंग बॅड’ला तोड नाही. वॉल्टर हा पन्नाशीचा रसायनशास्त्राचा शिक्षक, पगार पुरत नाही म्हणून गाड्या धुण्याच्या ठिकाणी जोडकाम, त्यात फुप्फुसाचा कॅन्सर, म्हणून अमली पदार्थ बनवायचा धंदा, आणि पहिल्याच भागात हा गृहस्थ चड्डीवर, हातात पिस्तूल घेऊन वाळवंटात उभा. पहिला सीझन लेखकांच्या संपामुळे सात भागांतच आटोपला, ते एका अर्थी बरंच झालं, कुठे सैलपणा यायला जागाच उरली नाही. दुसऱ्या भागात आम्ल आणि बाथटबचा जो प्रकार आहे तो जेवताना बघू नका. घरात लहान मुलं असतील तर दोन्ही मालिका ती झोपल्यावरच.

सॉल मात्र वेळ घेते, आणि तुमची परवानगी न घेता घेते. एक धडपड्या वकील जिमी, जो पुढे सॉल गुडमन होतो, त्याचा हुशार आणि नामांकित थोरला भाऊ चक, वृद्धाश्रमाच्या बिलांतली लबाडी, कचऱ्यातून उचललेल्या कागदाच्या चिंध्या जुळवत बसणं. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला माइक नावाचा निवृत्त पोलीस आपली गाडी पार सुटी करतो, तोंडातून एक शब्द न काढता. मला असली दृश्यं प्रचंड आवडतात. मला कंटाळा आला तो नेमका उलट ठिकाणी, अमली पदार्थांच्या सालामांका टोळीच्या भानगडींत. मधल्या सीझनमध्ये तो भाग सुरू झाला की वकिलांकडे परत कधी जाणार असं व्हायचं. गुंडांपेक्षा वकिलांची भांडणं जास्त रंगतात, अशी दुसरी गुन्हेगारी मालिका मी तरी पाहिलेली नाही.

बायकांच्या बाबतीत दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वॉल्टरची बायको स्कायलर लोकांना इतकी खुपली की ती साकारणाऱ्या ॲना गनला 2013 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहावा लागला. नवरा अमली पदार्थ बनवतो, खोटं बोलतो, माणसं मारतो, आणि प्रेक्षकांचा राग बायकोवर, कारण ती मध्ये येते! दोष प्रेक्षकांचा आहेच, पण थोडा लेखकांचाही. सुरुवातीचे बरेच भाग तिच्या वाट्याला संशय घेणं आणि प्रश्न विचारणं याशिवाय फार काही आलंच नाही. सॉलमधली किम वेक्सलर मात्र कुणाच्या वाटेतली धोंड नाही. ती जिमीहून हुशार वकील आहे, तिला लबाडीची नशा चढते आणि त्याची किंमतही तिला कळते. ती साकारणाऱ्या रिया सीहॉर्नने जे केलंय त्यासाठी एवढी एकच मालिका बघा म्हणायला मी तयार आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ने सोळा एमी (टीव्हीचे मोठे पुरस्कार) घेतले, सॉलला 53 नामांकनं मिळून एकही नाही. यावर मी जास्त बोलत नाही, तोंडातून वाईट शब्द जाईल.

एकेका भागाची लढत लावायची तर इकडून ‘ओझिमँडियस’, तिकडून ‘शिकेनरी’. दुसरा आधी, कारण तो सांगितला तरी बिघडत नाही. वकिलांच्या शिस्तपालन समितीपुढची सुनावणी, जवळजवळ सगळा भाग एका खोलीत. विजेची ॲलर्जी आहे असं मानणाऱ्या चकच्या खिशात नकळत एक बॅटरी सरकवलेली आहे. ती सापडते आणि हा प्रतिष्ठित माणूस सर्वांदेखत उसवत जातो. गोळी नाही, रक्त नाही, आणि तरी बघणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. चकचं प्रत्येक म्हणणं खरं असतं आणि तरीही तोच हरतो, ही त्यातली खरी मेख.

आता शेवटांकडे. ज्यांना काहीच फुटू द्यायचं नाही त्यांनी इथून थेट शेवटच्या परिच्छेदावर जावं.

माझं स्पष्ट मत: ‘ब्रेकिंग बॅड’ खऱ्या अर्थाने संपते ती ‘ओझिमँडियस’मध्ये, शेवटच्या भागाच्या दोन भाग आधी. साडू हँक वाळवंटात मारला जातो, वॉल्टर आपल्या धंद्यातल्या साथीदाराला, जेसीला, काळीज चिरणारं एक सत्य निव्वळ सूड म्हणून सांगतो, घरात सुरी निघते, तान्ही मुलगी उचलून तो पळतो. ज्या कुटुंबासाठी हे सगळं, ते कुटुंबच त्याला हाकलतं. त्या भागानंतर मी बराच वेळ टीव्हीसमोरून उठले नाही.

मग ‘फेलिना’ हा शेवटचा भाग येतो आणि सगळं कसं बैजवार! नव्वद लाखांहून जास्त डॉलर जुन्या भागीदारांच्या हाती सोपवून मुलापर्यंत पोहोचायची सोय, धंद्यातली भागीदार लिडिया हिच्या गोड पुडीत विष, गाडीच्या डिकीतली मशीनगन एका बटणावर टोळी झोपवते, जेसीची सुटका, आणि मग वॉल्टर आपल्या लाडक्या प्रयोगशाळेत मरतो. बघताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मात्र हे खटकायला लागतं. ज्या माणसाच्या हातून 61 भागांत एकेक गोष्ट निसटत गेली, त्याची शेवटच्या दिवशी प्रत्येक खेळी बिनचूक बसते. हे सगळं मी स्वतःसाठीच केलं अशी बायकोपुढे कबुली देतो तो प्रसंग या भागातला सर्वात सच्चा. पण कबुलीनंतर त्याला फार काही भोगावं लागत नाही.

सॉलचा शेवट नेमका इथे वेगळं वळण घेतो. पकडला गेलेला सॉल आपल्या जिभेच्या जोरावर सरकारी वकिलांना अशी काही गाठ मारतो की आयुष्यभराची शिक्षा सात वर्षांवर येते, वर तुरुंगात आवडीचं आइस्क्रीमही मागतो. इथेच थांबले असते तर तो ‘फेलिना’चाच भाऊ झाला असता, हुशार नायक शेवटीही जिंकला. पण किम कोर्टात बसलेली असताना तो उभा राहतो आणि स्वतःच स्वतःची केस बुडवतो. वॉल्टरच्या धंद्यातला वाटा कबूल करतो, आणि ज्याची कुणी विचारणाही केली नव्हती ते चकचं प्रकरणही. सात वर्षांची होतात 86. सॉल गुडमन हे नाव तिथेच टाकून तो पुन्हा जिमी मॅकगिल होतो. मला ‘फेलिना’ची करमणूक जास्त झाली, पण विश्वास याच्यावर बसला. चूक मान्य करणं आणि ती फेडणं यातलं अंतर ‘ब्रेकिंग बॅड’ने ओलांडलं नाही, सॉलने ओलांडलं.

एक तक्रार सॉलबद्दलही. कृष्णधवल भागांमधला, म्हाताऱ्या मॅरियनच्या घरी घोटाळ्यांची टोळी जमवण्याचा प्रकार मला उगाच लांबवल्यासारखा वाटला. शेवटच्या भागातली जुन्या पात्रांबरोबरची तिन्ही आठवणींची दृश्यंही सारखी वजनदार नाहीत. माइकचं आणि चकचं चटका लावतं, वॉल्टरचं मला पाहुण्याच्या हजेरीइतकंच वाटलं.

तर निर्णय. तुम्हाला रात्री दोन वाजता ‘अजून एकच’ म्हणायला लावणारी मालिका हवी असेल, किंवा घरातल्या कुणाला इंग्रजी मालिकांची सवय लावायची असेल, तर ‘ब्रेकिंग बॅड’ आणि मग हवं तर थांबा. तिसऱ्या सीझनमधला माशीचा भाग संथ वाटला तरी पुढे ढकलू नका. ती आवडली आणि तिथल्या वकिलाने हसवलं असेल तर सॉल घ्याच, पण सबटायटल लावून, कारण स्पॅनिश पुष्कळ आहे आणि वकिली बोलणं वेगात आहे. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागापर्यंत, म्हणजे ‘शिकेनरी’पर्यंत, तिला मुदत द्या. तिथेही हललात नाही तर खुशाल बंद करा, पुढे ती तुमच्यासाठी बदलणार नाही. 2019चा ‘एल कामिनो’ हा चित्रपट फक्त जेसीत जीव गुंतलेल्यांसाठी, तोही ‘ब्रेकिंग बॅड’ संपल्यावरच.