लाल सूत तपासायला घेतलेला द्रवस्फटिक फिल्टर
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं सूत रंगवायचं काम. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला लाल उन्हात नेला की वेगळाच! असे दोन लॉट एका चादरीत गेले की पट्टा उठतो, माल परत येतो. म्हणून हा कॅमेऱ्यापुढे लावायचा फिल्टर घेतला, वापरलेलाच. ४०० ते ७२० नॅनोमीटर, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंतच्या तरंगलांबीतला हवा तो एकच रंग तो आरपार सोडतो.

आत ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या चकत्या, आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचे (लिक्विड क्रिस्टलचे, एलसीडी पडद्यात असतात तसे) थर. मूळ युक्ती फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड लिओ यांची, सूर्य बघण्यासाठी केलेली. व्होल्टेज बदललं की रेणू कलतात आणि आरपार जाणारा तरंगलांबीचा अरुंद पट्टा सरकतो. काहीच फिरत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातलं चित्र जागचं हलत नाही. मला हेच फार आवडलं. परवा दोन लड्या ६२० नॅनोमीटरवर अगदी सारख्या होत्या, ६६० वर एक स्पष्ट उजळ. लॉट तिथेच थांबवला.

निळ्यात मात्र अंधार. साधा प्रकाश पहिल्याच ध्रुवकात निम्मा अडतो, त्यात ४५० च्या खाली एक्स्पोजर खूप वाढवावं लागतं. निळ्या-जांभळ्या मालासाठी घेऊ नका. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात खोली तापली की पट्टाही सरकतो. एसी लावा, रोज तपासणीसाठी ठेवलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर तपासून घ्या.