विद्यापीठात नोकरी: प्रोजेक्टवर की ऑफिसात?

पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाची किंवा पाषाणच्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली की आधी पगाराचा आकडा पाहिला जातो. त्याआधी 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात' हे शब्द आहेत का ते बघा.

ते नसतील आणि जागा विद्यापीठातल्या कायम लिपिकाची असेल, तर फार विचार करू नका. वेतनस्तर एस-६ म्हणजे मूळ वेतन १९,९०० ते ६३,२००, वर महागाई भत्ता, घरभाडे, दरवर्षीची वेतनवाढ. टायपिंगची प्रमाणपत्रं (मिनिटाला मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द) आणि एमएस-सीआयटी काढून ठेवा, अर्ज ठोका. पण अशी जाहिरात निघते कधीतरी. एरवी निवड असते ती कंत्राटी ऑफिस की प्रोजेक्ट (प्राध्यापकाच्या अनुदानावर चालणारं ठरावीक मुदतीचं संशोधन), एवढीच.

पैशात प्रोजेक्ट सहसा वरचढ. १ जानेवारी २०२३ पासूनच्या केंद्राच्या दराने जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) पहिली दोन वर्षं महिना ३७,००० अधिक घरभाडे, पुढे ४२,०००. नेट-गेट या राष्ट्रीय परीक्षा पास नसाल तर कमी पैशांच्या पदावर भागवावं लागतं. शिवाय ही रक्कम हप्त्याने येते. आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेत गेलं नाही, की पुढचा हप्ता अडकतो आणि मुलं दोन-तीन महिने घरून पैसे मागवतात. कंत्राटी ऑफिसात पगार कमी, पण बहुधा वेळेवर. काम मात्र बैठं असलं तरी निवांत नाही. परीक्षा विभागात निकालाच्या दिवसांत नाशिक-नगरहून गुणपत्रिकेची दुरुस्ती घेऊन आलेले पालक खिडकीवर उभे असतात आणि फाईल तिसऱ्याच टेबलावर असते. आवक-जावक, टिपणी, नस्ती (फाईल) हे मात्र तिथे पक्कं शिकून होतं.

माझ्या मते खरा निकाल वयावर लागतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेटमधून जेआरएफसाठी खुल्या गटाला मर्यादा ३० वर्षं. महिला आणि राखीव गटांना ५ वर्षांची सूट. लिपिकासाठी राज्याच्या नियमाने खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे संशोधनाचं दार आधी बंद होतं, कार्यालयाचं बऱ्याच उशिरा. पंचविशीत असाल आणि विषयाची गोडी असेल, तर आधी प्रोजेक्ट करा, टायपिंग संध्याकाळी शिका. पस्तिशी जवळ आली असेल किंवा घर तुमच्या पगारावर चालत असेल, तर कंत्राटी ऑफिस धरा आणि कायम जागांवर डोळा ठेवा.

एक गैरसमज फार पसरलाय: प्रोजेक्टवर लागलो म्हणजे पीएचडी झालीच. तसं नसतं. नोंदणीची प्रक्रिया वेगळी, शिवाय गाईडकडे जागा रिकामी लागते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६ आणि सहायकाला ४ विद्यार्थीच घेता येतात. वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला गेलात की तिथेच सरळ विचारा: सर, प्रोजेक्टचे महिने किती उरलेत, आणि तुमच्याकडे पीएचडीची जागा आहे का?